शेंदूर लावलेले गोटे

कुळमेथेंनी सकाळपासून तिसऱ्यांदा गोटे मोजले. एकवीस भरले. पण सगळेच्या सगळे शेंदरी लाल होते, आणि नागपूरहून तपासणीला निघालेली जीप आता केव्हाही टेकडीखाली येणार होती.

कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं हिंडणाऱ्या डायनोसॉरांच्या शेणाचे हे दगड झाले होते. कुळमेथे त्यांचे चौकीदार, तेही रोजंदारीवरचे. सहलीला येणारी शिकलेली माणसं एकेक गोटा खिशात घालून न्यायला लागली, तेव्हा बायकोनंच तोडगा सांगितला होता, "शेंदूर फासा न जी. देवाले कोण हात लावते?" गेल्या पोळ्यापासून खरंच एक गोटा हलला नव्हता. पण सरकारी शेणाला रंग फासला म्हणून नोकरी गेली, तर देव थोडाच पगार देणार होता?

जीप आली. नवे साहेब उतरले आणि गोट्यांकडे बघून थबकले. साहेबांनी बूट काढले, गुडघे टेकले, सगळ्यात मोठ्या गोट्यावर कपाळ टेकवलं आणि बढतीबद्दल काहीतरी पुटपुटले.

"जागृत दिसतंय देवस्थान," साहेब उठत म्हणाले. "बरं, ते डायनोसॉरचं शेण कुठं ठेवलंय? एक जरी कमी भरलं, तर तुम्ही घरी."

"एकवीसच्या एकवीस हायेत, साहेब." कुळमेथेंनी खांद्यावरचा दुपट्टा पुढं केला. "पण पयले कपाळ पुसून घ्या जी."