दीड बोट

"चल, आवर. घरी जाऊ," मिस्त्री म्हणाले आणि उशा एकावर एक रचायला लागले.

सकाळचे नऊ वाजले होते. मोटारीमागे जोडून आणलेला छोटा ट्रेलर तळ्याकाठी उभा होता आणि त्याच्या पायरीवर बसून मिस्त्रींची बायको चहा पीत होती. सलग तिसरी रात्र तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण तिला घरी जायचं नव्हतं. अकरा दिवसांच्या सहलीतले अजून आठ शिल्लक होते आणि जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभारणाऱ्या या माणसाने घेतलेली ही पहिली सुट्टी होती.

"मी काही म्हटलं का तुम्हाला?"

"म्हणायला कशाला हवं? तू कूस बदललीस की अख्खा ट्रेलर हलतो."

पलंगात आता दोष काढायला जागाच उरली नव्हती. आल्या आल्या मिस्त्रींनी चाकांखाली फळ्या सरकवून ट्रेलर समपातळीत आणला होता. गवंडीकामाची पाणसळ पलंगावर ठेवून काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत ते आत-बाहेर करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गादीखालची सबंध फळी काढून तिथे पट्ट्या ठोकल्या, म्हणजे गादीला खालून हवा लागेल. मग तालुक्याला जाऊन चार बोटं जाडीचा फोम आणला. तिचा सगळा जन्म शिवणकामात गेलेला. तिने त्याला याच पायरीवर बसून हाताने खोळ शिवली आणि मांडीला टोचणारी पलंगाची कड दुलई दुमडून मऊ केली. पलंग असा झाला की राजानेही हेवा करावा. झोप मात्र येईना.

आज पहाटे तिला कारण सापडलं. मिस्त्री नेहमीसारखे तिला ओलांडून भिंतीच्या बाजूला जाऊन झोपले होते. गुडघे कुरकुरतात, तरी भिंतीची बाजू कधी सोडायची नाहीत. भिंत गार असते, तुला बाधेल, एवढंच म्हणतात. तिने अंधारात हात पुढे केला तर मध्ये चांगली वीतभर जागा रिकामी होती. घरी अशी जागा कधी राहतच नाही. तिथे पडल्या पडल्या तिची पाठ त्यांच्या पाठीला जाऊन टेकते आणि मग झोप लागते. त्यासाठी तिला काही करावं लागत नाही. जमीनच ते करते.

कारण घरातल्या त्यांच्या झोपायच्या खोलीची जमीन भिंतीकडे कललेली होती.

मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बांधलेलं घर ते. पाव्हणेरावळे आले की सांगायचे, "गोटी ठेवा जमिनीवर. जागची हलली तर मिशी उतरवून देईन!" हे सांगायचे ते नेहमी पुढच्या खोलीत उभं राहून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिने ती बत्तीस वर्षं झाकून ठेवली होती. आणि आता या वयात आपणहून त्यांच्याकडे सरकायचं, तर तिला लाज वाटत होती. नवरा असला म्हणून काय झालं, सवय नको?

मिस्त्रींनी चादरीची घडी घातली. तिने कप खाली ठेवला.

"अहो, या दाराकडच्या चाकाखाली आणखी एक फळी घाला."

"कशाला? सगळं भिंतीकडे कलेल."

"कलू दे."

"वेडी का काय? बुडबुडा बघ, केसभर इकडेतिकडे नाही."

"बुडबुड्याला कुठे झोपायचंय? मला झोपायचंय."

ते बघत राहिले. ती तळ्याकडे तोंड करून बोलली, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.

"घरी माझ्या हातातून रीळ सुटलं ना, की पलंगाखालून घरंगळत जातं आणि भिंतीला टेकून थांबतं. दर वेळी. पहिल्या दिवसापासून."

मिस्त्रींच्या हातातली घडी तशीच राहिली.

"फार नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. "असेल एक बोटभर. घराला काही झालंय का? आणि मला तशीच झोप लागते. इथे मध्ये जागा राहते, म्हणून..."

तिला वाटलं, आपण या माणसाच्या उभ्या आयुष्यावर पाणी ओतलं.

मिस्त्री तिच्या बाजूने खाली उतरले. जॅक लावल्याचा आवाज आला. पायरी तिच्याखाली हळूच वर उचलली गेली. फळी सरकली, जॅक निघाला. ते आत आले आणि त्यांनी पाणसळ पलंगावर आडवी ठेवली. बुडबुडा मध्य सोडून दाराच्या बाजूला सरकला होता. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ त्याकडे बघत बसले.

"राग आला का?" तिने विचारलं.

त्यांनी रचलेल्या उशा उचलल्या आणि दोन्ही पुन्हा जागेवर मांडल्या. मग खोक्यातून एक पातळ पट्टी शोधून काढली आणि ती घेऊन ते पुन्हा दाराकडे निघाले.

"आता ही कशाला? झालं की एक बोट!"

"दीड आहे," मिस्त्री म्हणाले आणि खाली उतरले.