अंतूबुवांची सही

या मंडळी, पुढं सरका, एक गोष्ट ऐका.

कीर्तनकार अंतूबुवा वारले, पण त्यांचं मन यंत्रात जपलं होतं. उत्सवातल्या कीर्तनाचा करार करायला त्यांच्या पत्नी वत्सलाबाई ते यंत्र घेऊन राममंदिरात आल्या.

देवस्थानचे वकील म्हणाले, “काकू, करार दोन व्यक्तींत होतो. राम कायद्यानं व्यक्ती आहे. बुवा आता नाहीत.”

“राम तर बोलतही नाही!”

“तो कायद्यानं अज्ञान बालक. त्याच्यासाठी पंच सही करतात.”

“मग यांच्यासाठी मी करते.”

“मृताला पालक नेमता येत नाही, काकू.”

यंत्रातून बुवा म्हणाले, “वत्सले, घरी चल. जन्मभर लोकांना ‘मीपण सोडा’ सांगितलं. आज माझं सुटलं, तर रडू येतंय गं.”

मंडळी, रामापुढं हात जोडाल तेव्हा अंतूबुवांचीही आठवण ठेवा.