थांबलेली हलगी

आज दुसऱ्या एका फुटबॉल स्पर्धेत जिंकलेला कप डोक्यावर घेतलेल्या कर्णधाराने तालमीच्या दारापुढे हात वर केला. हलगी थांबली. गुलालात माखलेली पोरं जागेवर उभी राहिली.

ही त्यांची तालीम नव्हती. महिन्यापूर्वी फुटबॉल लीगच्या शेवटच्या सामन्यात याच तालमीच्या संघाला हरवून ते वरच्या गटात टिकले होते आणि हा संघ खालच्या गटात गेला होता. एकमेव गोल कर्णधाराचा होता. हरलेल्या संघाचे वस्ताद त्याचे वडील. घरचं पोरगं घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनीच त्याला कधी संघात घेतलं नव्हतं. त्या गोलापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते.

वस्ताद पायरीवर आले. "हलगी का थांबवलीस? आमच्या दारात कोण मेलंय व्हय?"

"तसं न्हाई, आबा. तुमचा मान म्हणून..."

"मान जिंकलेल्याचा असतोय."

त्यांनी एका पोराच्या हातातल्या परातीतला गुलाल मुलाच्या कपाळाला लावला. हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग ते हलगीवाल्याकडे वळले.

"वाजव रं. आमच्या घरापर्यंत वाजव. ह्याच्या आईला ऐकू जाऊ दे."