आधी बातमी, मग बाई

"तुमच्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात शर्यतीच्या बैलावर लेख चालतो, मग गोदाक्कांवरचा का उडवला?" वैजयंतीबाईंनी फोनवर विचारलं. गोदाक्का गावोगावचे हातपंप दुरुस्त करायच्या. तो लेख वैजयंतीबाईंच्या महिला गटानं लिहिला होता.

"बैलाची बातमी पेपरात आलीय, मॅडम," ज्ञानकोशाचा संपादक म्हणाला. "बाईंची कुठंय?"

त्या तडक पेपरच्या कचेरीत गेल्या. वार्ताहरानं मोबाइलवर गोदाक्कांचं नाव शोधून मान हलवली. "नेटवर काहीच नाही यांच्याबद्दल. बातमी कशी करणार?"

वैजयंतीबाईंनी ज्ञानकोशाच्या संपादकाला पुन्हा फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल वार्ताहरापुढं ठेवला.

"तुम्ही दोघे शहाणे आधी आपसात ठरवा," त्या खुर्ची ओढून बसल्या, "बाई खरी केव्हापासून धरायची ते."

दोघंही एकदम बोलू लागले.