पाटावरची नथ

सासूबाईंची नथ एकच आणि आम्ही सुना दोन. पोळ्याच्या दुपारी आमच्याकडे घरोघर पत्ते चालतात. मी ती नथ पाटावर ठेवली आणि शालनला म्हटलं, "तीन पत्तीचा एकच डाव. जिंकेल तिची नथ."

मला पानांपेक्षा माणूस वाचता येतो. माझी ही धाकटी जाऊ चांगली पानं आली की पायाचा अंगठा आवळते. आज तिने तो असा आवळला, की जोडवं फरशीला घासलं. माझ्याकडे दुर्री, पंजी आणि नव्वी, म्हणजे निव्वळ कचरा. तरी मी चिंचोके सरकवत चाल वाढवतच राहिले. तोंड मात्र दगडासारखं ठेवलं.

शालनने पानं पालथी टाकली. "मी पॅक. घ्या अक्का, नथ तुमची."

"का गं? चांगली पानं होती तुझ्याकडे."

"होती. पण तुमच्या हाताला केव्हाचा कंप सुटलाय. एवढी हवी आहे, तर कशाला जीव टांगणीला लावायचा?"

चाळीस वर्षं मी सगळ्यांची तोंडं वाचली, आणि ही मेली माझा हात वाचत बसली होती! मी नथ परत तिच्यापुढे सरकवली.

"दानात नको मला. वाट पुन्हा. आणि दया केलीस तर खबरदार!"

ती हसत पानं पिसायला लागली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तरी ते थरथरायचे थांबेनात.