आतली चकती

तपासनीसाने खिडकीबाहेर टांगलेल्या, हवा ओढून धूळ पकडणाऱ्या यंत्राचं झाकण फिरवलं आणि चिमट्याने गाळणीची चकती उचलली. बसवताना पांढरीशुभ्र होती, निघाली काळी. रस्त्याच्या पलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीचं धुराडं नेहमीसारखं धूर ओकत होतं.

"ही अशी निघणारच होती," तो म्हणाला. "खरी गोष्ट आतलीची आहे."

आतलं यंत्र पाळण्याच्या उशाशी होतं. घरची सून बाळाला खांद्यावर घेऊन त्याच्या मागोमाग आली. बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, त्या दिवसापासून ती त्याला फारसं खाली ठेवत नसे. भट्टीच्या वकिलाचं म्हणणं होतं, धूर राहतो बाहेर, तो घरात कशाला येईल? घरात काजळी असेल तर ती यांच्या स्वयंपाकाची, आणि शिसं असेल तर ते भिंतीच्या जुन्या रंगाचं. गल्लीने भट्टीवर केलेल्या दाव्याची सुनावणी तोंडावर आली होती. गल्लीत यंत्रं लावायची परवानगी मिळाली होती ती एवढ्या एका घराला.

"स्वयंपाकाची काजळी कुठली आणि भट्टीची कुठली, हे नक्की कळतं ना, दादा?"

"दिसायला दोन्ही काळ्याच. पण प्रयोगशाळेत दोघींची फोड होते. स्वयंपाकाच्या काजळीत कोळसा निघतो, जळक्या तेलाचा अंश निघतो. भट्टीच्या धुळीत शिसं, आणि त्याचं बोट धरून अँटिमनी, बॅटरीच्या शिशात मिसळतात तो धातू. भिंतीच्या रंगात एकटं शिसं सापडेल, पण ही जोडगोळी काही कुणाच्या कढईतून उडत नाही."

"म्हणजे ती जोडगोळी आत सापडली की..."

"की वकिलाची बोलती बंद. मग सगळ्या गल्लीला लांब कुठे तरी घरं द्यावीच लागतील."

सुनेने बाळाच्या पाठीवरचा हात घट्ट केला.

सासू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "तुमच्या या यंत्राचं लग्न झालंय का हो?" तिने विचारलं. "नाही, घोरतं केवढं! आमचे हे गेल्यापासून घर कसं शांत झालं होतं."

तपासनीस हसला. हसत हसतच त्याने झाकण फिरवलं, चिमटा आत घातला, आणि त्याचं हसू थांबलं.

चकती पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे, कडेला जराशी चुरगळलेली. तो ती घेऊन उजेडात गेला. नाकाजवळ नेली.

"आजी, याला साबणाचा वास येतोय."

"येणारच. चांगला साबण आहे."

"आई!" सून म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, यंत्राला हात लावायचा नाही म्हणून?"

"यंत्राला कुठे लावला? फक्त चकती काढली, धुतली, वाळवली आणि होती तशी बसवली." सासूचा आवाज खाली आला. "काल झाकण उघडून बघते तर काळी ठिक्कर. आणि आज हे तपासायला येणार. बाहेरची काळी निघाली तर भट्टीला नाव ठेवतील. आतली निघाली तर कुणाला ठेवणार? मलाच ना? पाळण्याच्या उशाशी एवढी घाण, मग या घरात बाई आहे की नाही, म्हणतील."

सून म्हणाली, "परत लावा ना, दादा. मी डोळ्यात तेल घालून राखीन."

"यंत्रं आजच दुसऱ्या गावाला जायची आहेत. आणि आता लावून सुनावणीच्या आत निकाल हातात येणार नाही."

"मग ही अशीच द्या की," सासू म्हणाली. "बाहेरची आहे ना चांगली काळी?"

"बाहेरची काळी, आतली पांढरी. वकील तरी दुसरं काय म्हणतोय, आजी?" त्याने चकती डबीत ठेवली. "मला धुतलेली म्हणूनच लिहावं लागेल. मग सुनावणीत ती धरणारच नाहीत. आणि नाही लिहिलं, तर तुमच्या घरातली हवा स्वच्छ ठरेल."

सासूने पुढे होऊन पाळण्याची दांडी धरली.

"चकती धुतल्याचं पाणी असेल का कुठे?" निघता निघता त्याने विचारलं. त्या पाण्याचा पुरावा म्हणून काही उपयोग नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

"त्याच पाण्यात बाळाची दुपटी भिजवली," सासू म्हणाली. "एवढा फेस झाला होता, वाया कशाला घालवायचा?"

दुपटी दोरीवर वाळत होती. तपासनीसाने तिकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि दोन्ही यंत्रं उचलून तो जिना उतरून गेला. खोली शांत झाली. यंत्राच्या घरघरीची बाळाला सवय झाली होती. ती थांबली तशी ते कुरकुरू लागलं. त्याचं नाक चोंदलं होतं.

सासूने कापसाची वात वळली, ओली केली आणि हलक्या हाताने बाळाच्या नाकपुडीत फिरवून बाहेर काढली. बाळ शिंकलं आणि मोकळा श्वास घेऊ लागलं.

सासूने वातीकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"दाखवा," सून म्हणाली.

"काही नाही गं. स्वच्छ आहे."

"आई, दाखवा."

सासूने मूठ पाठीमागे नेली.