आत्याचा मान

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आक्काताईच्या अंगाला म्हशींचा वास येतो म्हणून भावानं, कृष्णातनं, तिला लेकीच्या बारशाला बोलावलंच नाही. राजारामपुरीतल्या हॉलमध्ये तो माइकवर गरजला, “शुचिस्मिता! अर्थ, निर्मळ हसणारी. मूळ संस्कृत. अख्ख्या कोल्हापुरात दुसरी सापडायची न्हाय!” आक्काताईनं ते मोबाइलवर पाहिलं, पदर खोचला आणि गोठ्यातल्या तान्ह्या रेडीच्या कानात कुर्रर्र केलं. पोर बोलायला लागली त्या दिवाळीत पाडव्याला सजवलेल्या म्हशींची मिरवणूक निघाली. लेकीला खांद्यावर घेऊन कृष्णात पुढेच उभा होता. आक्काताईनं त्याच्यासमोर थांबून आरोळी ठोकली, “शुचिस्मिताऽऽ!” मोरपिसं नाचवत रेडी गर्दीतून धावत आली. हशा पिकला. “आक्का, म्हशीला माझ्या लेकीचं नाव?” “हिच्या कानात आत्यानं सांगितलंय,” रेडीची पाठ थोपटत आक्काताई म्हणाली, “तुझ्या लेकीच्या कानात कुणी सांगितलं रं?”